रिमोट शेजारच्या घरी

बाबा आमच्या घरात हसायचे नाहीत. रागीट होते म्हणून नव्हे, त्यांना कामं असायची. स्टील प्लांटमधून फर्स्ट शिफ्ट करून आले की जेवण, थोडी झोप, आणि मग आईच्या शिलाई मशीनच्या पाटावर कागद पसरून बसणं. हुडको कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, कपाटावर, कूलरच्या मागे असायचे. ठेका मजुरांच्या पगाराचं पत्रक, जयंतीचं पत्रक, विहाराच्या जागेचं पत्रक. एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी. गाव हिंदी मुलखातलं, म्हणून शाळेत मी हिंदी शिकले. मराठी लिहायला शिकले ती त्या दुसऱ्या बाजूवरून, कारण प्रुफं तपासायचं काम माझ्याकडे होतं.

बाबा वाक्य मोठ्याने वाचत, मी चूक दाखवली की पेन माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, "सुधार." एवढंच. त्या एका शब्दासाठी मी संध्याकाळचं खेळणं सोडलेलं होतं.

मी दहावीत असताना केबलच्या टीव्हीवर खाली एक पट्टी फिरायला लागली. जुनं प्रसारण बंद होणार, सेट-टॉप बॉक्स लावून घ्या, नाहीतर काही दिसणार नाही. ती पट्टी इतके महिने फिरली की आम्ही ती वाचायचं सोडून दिलं. बाबांनी मात्र सोडलं नाही. सरकारने सांगितलं आणि केबलवाल्याने विकलं म्हणून घरोघरी डबा बसवायचा, हे त्यांना मुळीच पटलं नाही. त्यांनी पत्रक काढायचं ठरवलं. मथळा काही जमेना. मी म्हटलं, "आपल्या घरात काय दिसावं, हे आपण ठरवायचं की डब्यानं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ओठातल्या ओठात वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं आणि तसंच्या तसं वर लिहिलं. सुपेल्याच्या बाजारातल्या छपाईच्या दुकानातून ते छापून आलं तेव्हा माझं वाक्य सगळ्यात जाड अक्षरात होतं. बाबांनी ते प्लांटच्या गेटवर वाटलं, विहारात वाटलं, आणि हुडकोच्या आमच्या ओळीत मी वाटलं.

त्यानंतर आमच्या घरी डबा येणं शक्यच नव्हतं. आईला हे पत्रक छापून आल्यावर कळलं. ती म्हणाली, "दोघं बापलेकी मिळून माही मालिका खाऊन गेले."

एका सकाळी सगळ्या चॅनलांवर मुंग्या आल्या. आईने टीव्हीच्या डोक्यावर दोन थापा मारून पाहिल्या. बाबा चहा पीत म्हणाले, "गेलं थे. आता शांती."

आता शेजारच्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच भिंत होती, एका विटेची. शेजारचे काका बाबांच्याच शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या त्याच विभागात होते. दोघांची गावं भंडारा जिल्ह्यात, एकाच तालुक्यातली. त्यांच्या गावात त्यांची शेती, आणि आमच्या गावात आमची वस्ती पार दुसऱ्या टोकाला. तिथे बाबांचे वडील अशा माणसाच्या ओसरीवरही चढले नसते. इथे प्लांटने दोघांना एक भिंत वाटून दिली होती, आणि काकूंच्या हातचा चहा बाबा पाटावर बसून प्यायचे. बाबांना या गोष्टीचा किती अभिमान होता ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत होतं.

केबल पहिल्यापासून दोन घरांत मिळून होती. वायर त्यांच्या घरात यायची, तिथे एक स्प्लिटर, आणि त्यातून एक वायर खिडकीच्या फटीतून आमच्याकडे. जुन्या पद्धतीत हे चालायचं. वायर जितकी फाडाल तितकं चित्र थोडं फिकं व्हायचं, पण ज्याच्या त्याच्या टीव्हीवर ज्याला पाहिजे ते लागायचं.

काकांनी बॉक्स घेतला. त्यांनी पत्रक वाचलं नव्हतं. हातात घेतलं होतं, घडी केली होती आणि म्हणाले होते, "वाचतो न भाऊ, सवडीनं." बॉक्स घेतल्यावर त्यांना वाटलं, भाऊंचा टीव्ही आंधळा झाला, आपल्यातून वायर पुन्हा जोडून देऊ. बॉक्सच्या मागे जुनी गोल वायर लागायचं भोक होतंच. त्यांनी स्प्लिटर तिथे लावला. आईने खिडकीतून वायर आत ओढली, तेव्हा बाबा शिफ्टला होते. बाबा आले, त्यांनी टीव्ही चालू पाहिला, वायरीकडे पाहिलं, आणि हात धुवायला गेले. आमच्या घरात डबा नव्हता. वायर होती. वायरीविरुद्ध पत्रकात काही लिहिलेलं नव्हतं.

घोटाळा संध्याकाळी कळला. आई चॅनल बदलायला गेली तर बदलेना. आणि काही वेळाने टीव्ही आपोआपच बदलला. बातम्यांवरून क्रिकेट, क्रिकेटवरून भजन, भजनावरून कार्टून. आई घाबरून मागे सरली.

भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "अवो वहिनी, तुमच्याकडे बी कार्टून लागलं काय?"

"लागलं न! तुमीच लावून राहिल्या काय?"

"पोट्टी लावून राहिली बाप्पा! रिमोट तिच्यापाशी हाय."

दोन टीव्ही आणि डबा एक. डब्यातून जे निघेल तेच दोन्हीकडे. काकांना वाटलं होतं जुन्या वायरीसारखं होईल. केबलवाल्याच्या माणसाला नंतर सांगितलं तर तो रस्त्यात उभा राहून हसला.

तर आमच्या घरात काय दिसावं, हे शेजारची पोरगी ठरवू लागली. ती माझ्याच वर्गात होती. अभ्यासात माझ्यामागे, बाकी सगळ्यात पुढे. ती मोठ्याने बोलायची, मोठ्याने खायची, आणि कुणाच्याही घरात शिरून भांड्यावरचं झाकण उचलून पाहायची. मला ती 'अध्यक्षबाई' म्हणायची. आईची आणि काकूंची मालिका एकच असल्याने त्यांचं भागलं. जाहिरातीनंतर पोरीने चॅनल परत आणलं नाही, तर आई पोळ्यांच्या बेलण्याने भिंतीवर एक ठोका द्यायची. पलीकडून "हाव, हाव!" आणि मालिका परत.

मी टीव्ही पाहत नव्हते. माझं वाक्य जाड अक्षरात छापलेलं होतं. मी त्या टीव्हीकडे पाठ करून अभ्यासाला बसायची. पण त्याच सुमाराला बाबा जेवणानंतर म्हणू लागले, "जरा बाजूले जाऊन येतो. भाऊशी शॉपचं बोलाचं हाय." आणि एका संध्याकाळी आई काकूंकडे पीठ आणायला गेलेली असताना आमच्या टीव्हीवर साउथची एक डब केलेली फिल्म लागली. आवाज बंद होता. चित्रात एक जाडजूड हिरो उभा होता आणि जीप त्याच्या अंगावर येत होती. त्याने जीपला लाथ मारली. जीप आकाशात गेली, तिथे दोनदा फिरली, आणि दुसऱ्या जीपवर पडली.

भिंतीतून हसण्याचा आवाज आला.

तो आवाज कुणाचा हे मला लगेच कळलं नाही. आधी खोकल्यासारखं काही, मग श्वास अडकल्यासारखं, मग एकदम सुटून, लांब, मधे "अबे, अबे, अबे" करत. मग पोरीचा आवाज, "काका, अजून येते! आता ट्रेन येते पाहा!" आणि चित्रात खरंच ट्रेन आली. आणि माझे वडील पुन्हा हसले.

मी पेन खाली ठेवलं. आमच्या टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. ते जे पाहत होते तेच मी पाहत होते, त्याच क्षणी, हातभर अंतरावर, मधे एक वीट. हिरोने ट्रेन थांबवली. पलीकडे बाबा हसून हसून खोकायला लागले. काकू म्हणाल्या, "पानी दे वो त्याइले." मी इकडे आमच्या माठाकडे पाहिलं.

मला माझ्या बापाचं हसू वायरीतून मिळत होतं. तिला हातात रिमोट धरून मिळत होतं.

पुढे मला त्यांच्या हसण्याचं वेळापत्रक कळू लागलं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रोज संध्याकाळी. आईची मालिका संपली की चॅनल फिरायचं, आणि ते कोण फिरवतंय, कुणासाठी फिरवतंय, हे मला इथे बसून समजायचं. बातम्या लागल्या की काका एकटे आहेत. साउथ लागलं की बाबा पोचले. मी टीव्हीकडे पाठ करून बसायची, आणि पाठीने पाहायची.

शाळेत ती मला सांगायची. तिच्या मनात काही नसायचं, हेच जास्त लागायचं.

"तुह्या बाबाइले हिरोइन आली की बोर होते. मले म्हनते, पुढं पळव. मी म्हटलं काका, हे टीव्ही हाय, पळवता येत नाई. तं म्हनते, मंग डोळे लावून बसतो, मारामारी आली की उठव."

"माझे बाबा असलं बोलत नाहीत."

"तुह्याशी नाई बोलत असन." आणि माझ्या डब्यातली भाजी उचलून, "यात तिखट कमी हाय वो, अध्यक्षबाई."

आमच्या घरात ते माझ्याशी काय बोलायचे, याचा मी त्या दिवसांत विचार करत राहिले. शोषण हा शब्द मला त्यांनी शिकवला होता. संघटना, प्रतिनिधित्व, आत्मसन्मान. 'ठ' आणि 'ढ' यांतला फरक छपाईत कसा बिघडतो ते शिकवलं होतं. जगातल्या कितीतरी पोरींना बापाकडून यातलं काहीच मिळत नाही, हे मला समजत होतं. तरी मला ती जीप पाहिजे होती. ते "डोळे लावून बसतो, मारामारी आली की उठव" पाहिजे होतं. आणि ते तिला फुकट मिळालेलं होतं, एक पत्रक न वाचता.

शेवटी मी जेवताना बोललेच. पत्रकांच्या गठ्ठ्यातून डब्याचं पत्रक काढून आणलं, बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि मथळ्यावर बोट ठेवलं.

"हे कोनं लिहिलं?" मी विचारलं.

बाबांनी घास गिळला. "तूनं लिहिलं."

आई हसली. मला ते आणखी झोंबलं. "मंग तुमी रोज तिच्या घरी जाऊन काय करून राहिले? शॉपचं बोलून राहिले? मले सगळं दिसते. तुमी जे पाहता तेच इथं दिसते, बाबा."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आलेलीच नव्हती. प्लांटमध्ये वायरींच्या जंगलात आयुष्य काढलेला माणूस, पण आपण तिकडे बसून जे पाहतो ते आपल्याच घरात उघडं पडतं, हे त्यांना सुचलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते ओरडतील. ते हळूच म्हणाले,

"थ्या घरी कोनी माहं पत्रक वाचलं नाई, बाई. तिथं मी बाजूवाला भाऊ हाव, बस. हासलो तं हासलो. इथं हासलो तं तू पाहशीन. तू मले प्रुफासारखी वाचते."

"तुमीच शिकवलं."

"मीच शिकवलं," ते म्हणाले, आणि ताट सरकवून उठले.

दुसऱ्या दिवसापासून बाबा शेजारी गेले नाहीत. मी जिंकले होते. संध्याकाळी ते मशीनच्या पाटावर बसत, कागद समोर असे, आणि लिहून काही होत नसे. भिंतीपलीकडे साउथ लागायचं, कारण ती पोरगी त्या वेळेला लावायचीच. आमच्या टीव्हीवर जीपा उडायच्या आणि दोन्ही घरांत कुणी हसायचं नाही. आई म्हणाली, "इतकं तत्त्व कोनत्या कामाचं? घर कसं मसनासारखं करून टाकलं तुमी दोघांनी."

मागच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीवरून पोरगी मला म्हणाली, "काका कावून येत नाईत? तूच काई म्हटलं न?"

"त्यांना काम आहे."

"खोटी." तिने पहिल्यांदाच मला अध्यक्षबाई म्हटलं नाही.

मग त्यांच्याकडे तुमसरला लग्न निघालं आणि सगळं घर निघालं. जायच्या सकाळी तिने किल्ली माझ्या हातात दिली. "तुळशीले पानी देजो. अन् काकाइले पाहू देजो, दोन-तीन दिवस कोनी नाई इथं. रिमोटच्या मांगं टेप लावली हाय, थे दाबून धरजो, नाई तं सेल निघते." ती असं सगळं सांगत होती जसं बाबा तिचंच एखादं कुंडीतलं झाड आहेत.

त्या रविवारी बाबांचा ऑफ होता. दुपारचं जेवण झालं. डबा बंद असल्याने आमचा टीव्ही काळा होता. बाबा त्याच्याकडे पाहत नव्हते, इतकं नेटाने पाहत नव्हते की आई शेवटी मला म्हणाली, "जा न! लाव न त्याइच्या घरचा डबा! किल्ली काय पुजाले ठेवली काय?"

मी गेले. शेजारचं घर रिकामं असताना मी कधी पाहिलं नव्हतं. टीव्हीसमोर काकांचा पलंग, पोरीचा बसायचा वेताचा मोढा, आणि बाजूला एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर काकूंनी शिवलेली चौकोनी गादी. खुर्चीच्या पाठीवर बाबांचा गमछा होता. तो हरवला म्हणून आईने घर पालथं घातलं होतं. इथे तो नीट घडी घालून ठेवलेला होता, ज्याची जागा ठरलेली आहे अशा वस्तूसारखा.

त्या खुर्चीचा मला जितका राग आला तितका कोणत्याही ठेकेदाराचा आला नव्हता.

मी डबा लावला. टेप दाबून धरून चॅनल फिरवत गेले, आणि भिंतीपलीकडे आमचा टीव्ही बोलू लागला. हळूहळू, एक-एक पुढे. मग भिंतीवर बेलण्याचा ठोका पडला. मी थांबले. साउथ. मोटारसायकलवर एक हिरो, मागे पन्नास गुंड. मी रिमोट हातात धरून उभी राहिले. आता रिमोट माझ्याकडे होता, मी तिच्या जागी होते, आणि बाबा आमच्या घरात होते. बाबा हसले. आधी खोकला, मग अडकलेला श्वास, मग "अबे, अबे". भिंतीतून. पुन्हा भिंतीतूनच.

मी डबा चालू ठेवला, गमछा घेतला, कुलूप लावलं आणि घरी आले.

मला पाहताच बाबांनी तोंड नीट केलं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. हिरो गुंडांना विजेच्या खांबाने मारत होता. बाबा त्या खांबाकडे पाहत होते. मी बाबांकडे. आई आत भांडी घासत होती आणि मुद्दाम आवाज करत नव्हती. मग जाहिरात लागली.

"जा न, बदल," बाबा म्हणाले.

"नाई जात. कुलूप लावून आली."

रिमोट भिंतीपलीकडे कुलपात होता. जे येईल ते पाहायचं होतं. जाहिरातीत एक काळीसावळी मुलगी क्रीम लावत होती, गोरी होत होती आणि लगेच तिला नोकरी मिळत होती. कुणीतरी गोड आवाजात समजावून सांगत होतं. बाबांच्या कपाळावर आठ्या येऊ लागल्या, त्यांच्या डोक्यात नवं पत्रक तयार होत असल्याचं मला दिसलं. मी म्हटलं,

"बाबा, याइचं पत्रक पाहा. प्रुफाची एक बी चूक नाई, अन् एक बी शब्द खरा नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोकल्यासारखं काही झालं. मग श्वास अडकला. आईने आतून नळ बंद केला. बाबा हसायला लागले, तेच, लांब, सुटलेलं, आणि मधे "अबे, अबे" नव्हतं, "अवं बाई, अवं बाई" होतं. ते मला. मी तेव्हा हसले नाही. मी ते ऐकत होते, पहिल्यांदा विटेशिवाय.

फिल्म परत लागली तरी ते मधेच आठवून हसत होते. पाणी मीच दिलं.

मंगळवारी शेजारचे परत आले. लग्नाचे लाडू घेऊन पोरगी दारात उभी. तिने आत डोकावून पाहिलं. बाबा शिफ्टला होते.

"काकाइनं पाहिलं काय?"

"पाहिलं."

"हासले काय वो?"

तिचा चेहरा इतका उघडा होता की तिला खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. संध्याकाळी बाबा बहुतेक पुन्हा तिकडे जाणार होते, त्या गादीच्या खुर्चीवर बसणार होते, हे मला माहीत होतं. मी काही बोलणारही नव्हते.

"नाई," मी म्हटलं. "नाई हासले."

"पाहा!" ती खूश झाली. "माह्याशिवाय थे हासतच नाई. काकाइले सांग, याच आज, मी लावून देतो."

तिने हात पुढे केला. मी तिला किल्ली दिली. गमछा आमच्या खुंटीवर होता, तो दिला नाही.